बटाटा: दुसऱ्याच कंदाचे नाव

मराठी माणूस ‘बटाटा’ म्हणतो तेव्हा तो कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर पाचशे वर्षांपूर्वी बोलल्या जाणाऱ्या एका भाषेतला शब्द जवळजवळ जसाच्या तसा उच्चारत असतो. त्या भाषेचे नाव तायनो. आज जिथे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे देश आहेत ते हिस्पॅनिओला बेट, तसेच क्यूबा, जमैका आणि पोर्तो रिको या भागांत ती बोलली जात असे. मात्र तायनो लोकांची ‘बटाटा’ म्हणजे आपला बटाटा नव्हे. त्यांच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ रताळे असा होता, आणि आपण ज्याला बटाटा म्हणतो तो कंद त्यांनी कधी पाहिलाही नव्हता.

या एका शब्दाचा माग काढायला मी काही वर्षांपूर्वी सुरुवात केली ती केवळ कुतूहलापोटी. हिंदीभाषक ‘आलू’ म्हणतात आणि आपण ‘बटाटा’ म्हणतो, तर यांतला मूळचा शब्द कोणता, एवढाच तो प्रश्न होता. त्याचे जे उत्तर हळूहळू हाती आले ते मला अजूनही विलक्षण वाटते. ‘बटाटा’ही या कंदाचा नाही आणि ‘आलू’ही या कंदाचा नाही. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, फारसी, जपानी, तेलुगू या सगळ्या भाषांनी त्याला जी नावे दिली आहेत तीही दुसऱ्या कोणत्या तरी फळाकडून, कंदाकडून, नाही तर गावाकडून घेतलेली आहेत. त्याच्या मायभूमीतले नाव वेगळेच आहे, आणि ते फारसे घराबाहेर पडलेले नाही.

ते नाव म्हणजे ‘पापा’. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, आजच्या पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या सीमेवर, तितिकाका सरोवराच्या आसपासच्या उंच पठारांवर बटाट्याची शेती हजारो वर्षांपासून होत आली आहे. तिथल्या केचुआ भाषेत बटाट्याला ‘पापा’ म्हणतात. मका जिथे नीट येत नाही अशा थंड उंचीवर हे पीक येते. रात्रीच्या कडाक्यात बटाटे गोठू द्यायचे, दिवसा ते तुडवून त्यांतले पाणी काढायचे आणि उन्हात वाळवायचे, असे करून तिथले लोक ‘चुन्यो’ नावाचा टिकाऊ पदार्थ तयार करतात. तो वर्षानुवर्षे साठवता येतो. इंका साम्राज्याच्या कोठारांत मक्याच्या बरोबरीने चुन्यो असे. बटाट्याच्या हजारो स्थानिक जाती आजही त्या डोंगरांत लावल्या जातात आणि त्यांचे जतन करणारी आंतरराष्ट्रीय बटाटा संशोधन संस्था १९७१ पासून पेरूची राजधानी लिमा येथे आहे.

रताळे आणि बटाटा हे आपल्या स्वयंपाकघरात शेजारी असले तरी वनस्पती म्हणून त्यांचे जवळचे नाते नाही. रताळे हे गारवेलीच्या कुलातले आहे. ओढ्याकाठी, तळ्याकाठी माजणारी बेशरम ज्यांनी पाहिली आहे त्यांना रताळ्याच्या वेलाचे फूल लगेच ओळखू येते. बटाटा हा वांगे, टोमॅटो, मिरची आणि तंबाखू यांच्या कुलातला. रताळे हे फुगलेले मूळ आहे, तर बटाटा हे जमिनीखाली वाढलेले खोड आहे. म्हणून तर बटाट्याला ‘डोळे’ असतात आणि त्या डोळ्यांतून कोंब फुटतात. एक उष्ण बेटांवरचा, दुसरा बर्फाळ डोंगरांवरचा. दोन वेगळ्या लोकांनी, दोन वेगळ्या भाषांत, दोन वेगळ्या वनस्पतींना दिलेली ‘बटाटा’ आणि ‘पापा’ ही नावे युरोपीय माणूस तिथे पोहोचेपर्यंत एकमेकांत मिसळण्याचे काही कारणच नव्हते.

कोलंबस १४९२ मध्ये या बेटांवर आला. क्यूबाच्या किनाऱ्यावर त्याने जे कंद पाहिले त्यांचे वर्णन त्याने गाजरासारखे दिसणारे आणि चवीला चेस्टनटसारखे असे केले आणि त्यांना पश्चिम आफ्रिकेतल्या एका कंदाचे नाव दिले, कारण आफ्रिकेचा तो किनारा त्याने आधी पाहिला होता. नवे काही दिसले की माणूस त्याला ओळखीच्या वस्तूचे नाव देतो, ही या साऱ्या कथेतली पहिलीच घटना आहे. पुढे स्पॅनिश लोक त्या बेटांवर स्थायिक झाले, तायनो लोकांचे शब्द त्यांच्या कानांवर पडू लागले आणि सोळाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतल्या स्पॅनिश लिखाणात ‘बटाटा’ हा शब्द दिसू लागला. गोंझालो फर्नांदेस दे ओव्हिएदो या इतिहासकाराने तर तायनो लोक ‘आहे’ आणि ‘बटाटा’ असे रताळ्याचे दोन प्रकार मानत, असा भेदही नोंदवला आहे.

या नोंदी जेव्हा लिहिल्या जात होत्या तेव्हा ते शब्द बोलणारी माणसे मरत होती, ही गोष्ट शब्दाच्या कौतुकात विसरता कामा नये. सोन्याच्या खाणींतली वेठबिगार, उपासमार आणि १५१८ च्या सुमारास आलेली देवीची साथ यांनी अर्ध्या शतकाच्या आत तायनो समाज मोडून टाकला. त्यांचे वंशज आजही त्या बेटांवर आहेत आणि आपली ओळख पुन्हा सांगू लागले आहेत, पण भाषा बोलीभाषा म्हणून उरली नाही. उरले ते इतरांच्या भाषांत शिरलेले शब्द. इंग्रजीतले हरिकेन, कनू, हॅमॉक आणि बार्बेक्यू हे शब्द तायनोतून स्पॅनिशमार्गे आलेले आहेत. वीज नसलेल्या काळात आपल्याकडे घरोघर असलेला ‘हरिकेन कंदील’ वाऱ्यातही विझत नसे म्हणून त्या नावाने ओळखला जाई. त्या नावातले वादळ तायनो लोकांचे आहे. साबुदाणा ज्या कंदापासून आपल्याकडे तयार होतो तो कसावाही त्या लोकांचे मुख्य अन्न होता. मातीचे गोल उंचवटे करून त्यांवर ते कसावा आणि रताळी लावत.

स्पेनमध्ये रताळे प्रथम पोहोचले, बटाटा नंतर. इंकांच्या राज्यावर स्पॅनिश स्वारी झाली ती १५३२ मध्ये, आणि बटाटा युरोपात रुजायला त्यानंतर काही दशके लागली. सेव्हिल शहरातल्या एका रुग्णालयाच्या १५७३ च्या हिशेबांत बटाट्याच्या खरेदीची नोंद सापडते. तोपर्यंत ‘बटाटा’ हा शब्द स्पेनच्या बाजारात रुळलेला होता, रताळे गोड म्हणून मागणीतही होते. त्यात हा दुसरा जमिनीखालचा कंद ‘पापा’ हे नाव घेऊन आला. दोन्ही शब्द ऐकायला जवळचे, दोन्ही वस्तू अमेरिकेतून आलेल्या, दोन्ही मातीतून उकरून काढायच्या. मग दोन्ही नावांची सरमिसळ होऊन ‘पताता’ असा तिसराच शब्द तयार झाला आणि स्पेनमध्ये तो बटाट्याला चिकटला. आज स्पेनमध्ये बटाटा म्हणजे पताता आणि रताळे म्हणजे बटाटा. मात्र संपूर्ण स्पॅनिशभाषक अमेरिकेत आणि कॅनरी बेटांवर बटाट्याला आजही ‘पापा’च म्हणतात. जिथे तो उगवला तिथे त्याने आपले नाव टिकवले आहे.

पोर्तुगीजांनी असा तिसरा शब्द घडवला नाही. त्यांनी ‘बटाटा’ हा तायनो शब्दच बटाट्याला दिला आणि रताळ्याला ‘बटाटा दोसे’, म्हणजे गोड बटाटा, म्हणायला सुरुवात केली. ज्या वस्तूचे नाव मुळात तिचे होते तिलाच विशेषण लावून ओळख सांगावी लागली. इंग्रजीतही हेच घडले. ‘पोटॅटो’ हा शब्द सोळाव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा तो रताळ्यालाच उद्देशून वापरला जाई. जॉन जेरार्ड याने १५९७ मध्ये वनस्पतींवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात रताळे हे ‘पोटॅटो’ आहे आणि आपला बटाटा हा ‘व्हर्जिनियाचा पोटॅटो’ आहे. बटाटा काही उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून आलेला नव्हता, तिथे तो उगवतही नव्हता. पण जेरार्डची समजूत तशी झाली आणि ती चूक पुढे फार काळ टिकली. नंतर बटाटा इंग्लंडात आणि आयर्लंडात इतका पसरला की नुसत्या ‘पोटॅटो’ने त्याचाच बोध होऊ लागला आणि रताळे ‘स्वीट पोटॅटो’ झाले.

शास्त्रीय नावांत मात्र ही अदलाबदल झालेली नाही, याचे मला समाधान वाटते. रताळ्याचे नाव ‘इपोमिया बटाटास’ असे आहे, बटाट्याचे ‘सोलॅनम ट्यूबरोसम’. तायनो लोकांनी ज्याला जे म्हटले ते निदान वनस्पतिशास्त्राने त्याच्याकडेच राहू दिले.

युरोपच्या उरलेल्या भागात सुरुवातीला ना ‘बटाटा’ हे नाव पोहोचले ना ‘पापा’. तिथे लोकांनी आपापल्या परीने वर्णन करून नावे बसवली. इटलीत या कंदाची तुलना ट्रफल या भूछत्राशी झाली. जंगलात जमिनीखाली सापडणारे ते महागडे भूछत्र इटालियन भाषेत ‘तार्तुफो’ म्हणून ओळखले जाते, आणि त्याच्या लाडक्या रूपावरून बटाट्याला ‘तार्तुफोलो’ म्हटले गेले. जर्मनीत हा शब्द ‘टार्टुफेल’ झाला आणि मग उच्चार बदलून ‘कार्टोफेल’. जर्मनमधून तो डॅनिश, आइसलँडिक, एस्टोनियन, रोमेनियन, बल्गेरियन आणि रशियन भाषांत गेला. इटालियन लोकांनी स्वतः मात्र पुढे तो शब्द सोडला आणि ‘पताता’ स्वीकारला. अशा रीतीने इटलीने टाकलेला शब्द आज कोपनहेगनपासून व्लादिवोस्तोकपर्यंत बोलला जातो.

दुसरी मोठी पद्धत म्हणजे ‘जमिनीचे फळ’ म्हणण्याची. युरोपातल्या जुन्या भाषांत सफरचंदाचा शब्द कोणत्याही गोल फळाला लावला जाई, म्हणून डच भाषेत ‘आर्डापल’, फ्रेंचमध्ये ‘पोम द तेर’ आणि ऑस्ट्रियात ‘एर्डाप्फेल’ अशी नावे झाली. या सगळ्यांचा अर्थ भुईसफरचंद. आधुनिक हिब्रूतले ‘तापुआख अदामा’ आणि फारसीतले ‘सीब-झमिनी’ त्याच अर्थाचे आहेत. काही जर्मन बोलींनी सफरचंदाऐवजी नाशपातीची निवड केली आणि त्या ‘भुईनाशपाती’च्या शब्दावरून क्रोएशियन ‘क्रुम्पिर’, सर्बियन ‘क्रोम्पिर’ आणि हंगेरियन ‘क्रुम्प्ली’ हे शब्द झाले. फिनलंडमधला ‘पेरुना’ही स्वीडिश नाशपातीच्याच वाटेने आलेला आहे. पोलिश लोकांनी फळाचे नाव न घेता सरळ मातीवरून ‘झ्येम्न्याक’ केले. चेक भाषेतला ‘ब्रांबोर’ हा शब्द जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्ग प्रांतावरून आला आहे, कारण बटाटा चेक लोकांकडे तिकडून आला.

हा शेवटचा प्रकार मला सर्वांत बोलका वाटतो. वस्तू मुळात कुठली याची घेणाऱ्याला कल्पना नसते, ती शेवटी कुणाच्या हातून मिळाली एवढेच ठाऊक असते, आणि तोच शेवटचा मुक्काम नावात कोरला जातो. जपानी भाषेत बटाट्याला ‘जागाइमो’ म्हणतात. ‘इमो’ म्हणजे कंद आणि ‘जागा’ हा ‘जागातारा’चा अवशेष, जागातारा म्हणजे जकार्ता, जिथून डच व्यापारी तो जपानात घेऊन आले असे मानले जाते. रताळ्याच्या बाबतीत तर तिथे मुक्कामांची एक साखळीच दिसते. चीनच्या फूच्येन प्रांतात सोळाव्या शतकाच्या अखेरीस फिलिपिन्समधून रताळे आले, आणि तिथे त्याला ‘फान्शू’, म्हणजे परदेशी कंद, म्हटले गेले. १६०५ मध्ये ते फूच्येनमधून ओकिनावात गेले आणि पुढे दक्षिण जपानातल्या सात्सुमा प्रांतात पोहोचले. सात्सुमाचे लोक त्याला ‘कारा-इमो’ म्हणतात, म्हणजे चिनी कंद. उरलेल्या जपानात ते सात्सुमातून पसरले, म्हणून सगळे जपानी त्याला ‘सात्सुमा-इमो’ म्हणतात. ज्याने त्याने आपल्या एक पाऊल मागे पाहिले. फिलिपिन्समध्ये मात्र रताळ्याचे नाव ‘कामोते’ आहे, आणि हा शब्द मेक्सिकोतल्या नाव्हाट्ल भाषेतला आहे. आकापुल्को आणि मनिला यांच्यामध्ये स्पॅनिश गलबते येजा करीत, त्यांच्याबरोबर तो आला.

पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन बेटांवर रताळे कोलंबसाच्या कितीतरी आधीपासून होते. न्यूझीलंडचे माओरी लोक त्याला ‘कुमारा’ म्हणतात, आणि अँडीजच्या प्रदेशातल्या भाषांत रताळ्यासाठी ‘कुमार’सारखे शब्द नोंदलेले आहेत. या साम्यावरून किती निष्कर्ष काढावा याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तरी पॉलिनेशियन नाविक आणि दक्षिण अमेरिकेतले लोक यांचा युरोपीयांच्या आधी संबंध आला होता याला अलीकडे जनुकीय पुरावाही मिळाला आहे, आणि मग हा शब्दही त्याच होडीतून गेला असेल असे मला मनापासून वाटते.

आता आपल्याकडे येऊ. भारताच्या भाषिक नकाशावर बटाट्याच्या नावांची रंगरंगोटी केली तर पश्चिम किनारा उरलेल्या देशापासून वेगळा उठून दिसेल. कोकणीत ‘बटाटो’, मराठीत ‘बटाटा’, गुजरातीत ‘बटाटा’ किंवा ‘बटेटा’, सिंधीत ‘पटाटो’. गोवा, वसई, चौल, दमण, दीव या पोर्तुगीज ठाण्यांचा हा किनारा. गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांकडे गेले आणि त्यानंतरच्या दोन शतकांत अमेरिकेतली कितीतरी झाडे, फळे आणि त्यांची नावे या बंदरांतून आत आली. अननस आणि पपई ही नावे त्यांतलीच. पोर्तुगीजांच्या ‘त’चा मराठीत सहसा ‘त’च राहतो, पिस्तूल, मेस्त्री, इस्त्री हे शब्द पाहावेत. बटाट्यात मात्र तो ‘ट’ झाला, आणि कोकणी, मराठी, गुजराती, सिंधी या चारही भाषांत ‘ट’च आहे, यावरून हा बदल किनाऱ्यावरच एकदा होऊन तिथून पसरला असावा असा माझा तर्क आहे. एकदा ‘ट’ झाल्यावर मात्र शब्द पुरता मराठी झाला: एक बटाटा, अनेक बटाटे, बटाट्याची भाजी. घोडा जसा चालतो तसाच तो विभक्तीत चालतो, कुठेही अडखळत नाही.

उत्तर आणि पूर्व भारतात ‘आलू’ आहे. हिंदी, बंगाली, पंजाबी, असमिया, ओडिया, नेपाळी या साऱ्या भाषांत तोच शब्द थोड्याफार फरकाने चालतो, आणि तो अस्सल संस्कृत आहे म्हणून ‘बटाटा’ परका आणि ‘आलू’ आपला असे काही लोक ठासून सांगतात. शब्द संस्कृत आहे हे खरेच. पण संस्कृतातला ‘आलु’ किंवा ‘आलुक’ हा इथल्या जुन्या कंदांचा शब्द आहे. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात पिंडालुक, काष्ठालुक, शंखालुक, रक्तालुक असे आलुकाचे प्रकार सांगितले आहेत, आणि ते आपल्या सुरण-कोनफळाच्या जातकुळीतले कंद आहेत. आपल्या अळूचे नावही अभ्यासक त्याच शब्दाशी जोडतात. अमेरिकेतून नवा कंद आला आणि उत्तर भारताने त्याला घरातले जुने नाव दिले. तायनो लोकांचे रताळ्याचे नाव बटाट्याला देणाऱ्या पोर्तुगीजांनी जे केले तेच हे आहे.

रताळ्याची गोष्ट तर अधिकच सुंदर आहे. ‘रताळे’ हा शब्द ‘रक्तालु’वरून आला, म्हणजे लाल कंद. रक्तालु हा मूळचा इथलाच एक वेलीचा कंद. अमेरिकेतले रताळे आले, त्याची सालही लाल, म्हणून मराठीने ते नाव त्याला देऊन टाकले. गुजरातीने तसे केले नाही. गुजरातेत ‘रताळू’ म्हणजे आजही जांभळा कोनफळाचा कंद, जो उंधियूत घालतात, आणि आपल्या रताळ्याला ते ‘शक्करियुं’ म्हणतात. मराठी माणसाने सुरतेच्या बाजारात रताळी मागितली तर त्याच्या पिशवीत भलताच कंद पडेल, आणि तो कंद त्या नावाचा अधिक जुना हक्कदार असेल. हिंदीत रताळ्याला ‘शकरकंद’, तमिळमध्ये ‘सर्क्करैवळ्ळि किळंगु’ म्हणजे साखरवेलीचा कंद, बंगालीत ‘मिष्टी आलू’ किंवा ‘रांगा आलू’. तमिळमध्ये बटाटा ‘उरुळैक्किळंगु’ झाला, म्हणजे गोल कंद. तेलुगूतला ‘बंगाळादुंपा’ हा बंगालचा कंद. तिथेही शेवटचा मुक्कामच नावात आला. श्रीलंकेत सिंहली भाषेत बटाट्याला ‘अर्तापल्’ म्हणतात, आणि तो दुसरे तिसरे काही नसून डचांचा ‘आर्डापल’ आहे. डच निघून गेले, त्यांचे भुईसफरचंद तिथे राहिले.

या सरमिसळीमुळे जुनी प्रवासवर्णने वाचताना सावध राहावे लागते. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीराच्या दरबारी आला होता, त्याचा पाद्री एडवर्ड टेरी याच्या वृत्तांतात हिंदुस्थानात खाल्लेल्या ‘पोटॅटो’चा उल्लेख येतो, आणि त्यावरून मोगलांच्या काळात इथे बटाटा होता असे पुष्कळ ठिकाणी लिहिले जाते. पण त्या काळच्या इंग्रजीत ‘पोटॅटो’ म्हणजे बहुधा रताळे, आणि परक्या माणसाला कोनफळही पोटॅटोच वाटले असेल. बटाट्याची मोठी लागवड इथे अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या काळात वाढली.

त्या काळातली एक गोष्ट इराणशी आणि आपल्या महाबळेश्वराशी जोडलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून इराणच्या दरबारी गेलेल्या जॉन माल्कमने तिथे बटाटा नेला असे सांगितले जाते, आणि त्यावरून इराणी लोक त्याला ‘आलू-ए-माल्कम’ म्हणत. इथे फसू नये. फारसीतला ‘आलू’ म्हणजे प्लमचे फळ, आपल्या आलुबुखारातला. संस्कृत आलूशी त्याचा काही संबंध नाही. म्हणजे इराणात बटाटा काही काळ ‘माल्कमचे आलुबुखार’ होता, आणि मग भुईसफरचंद झाला. हाच माल्कम १८२७ ते १८३० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता आणि महाबळेश्वरची माल्कम पेठ त्याच्या नावाने वसली.

पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत बटाट्याला ‘व्हियाझी उलाया’ म्हणतात, म्हणजे युरोपचे कंद, आणि त्यातला ‘उलाया’ म्हणजे अरबीतून आलेली आपली ‘विलायत’. आपल्याकडे विलायती चिंच म्हणून जे झाड ओळखले जाते तेही मुळात मेक्सिकोच्या बाजूचे आहे. दोन्ही ठिकाणी अमेरिकेचे श्रेय विलायतेला मिळाले.

महाराष्ट्रात बटाटा किती खोलवर गेला याचे माप मला उपवासाच्या ताटात दिसते. गहू नको, तांदूळ नको, पण बटाटा चालतो, रताळे चालते, साबुदाणा चालतो, शेंगदाणे चालतात, हिरवी मिरचीही चालते. यांतले काहीही पाचशे वर्षांपूर्वी या भूमीत नव्हते. उपवासाला धान्य वर्ज्य आणि कंदमुळे ग्राह्य, हा नियम जुना. त्या नियमात हे नवे कंद अलगद बसले, कुणी त्यांच्या मुळाची चौकशी केली नाही. एकादशीला माझ्या घरी रताळ्याचा कीस आणि बटाट्याची जिरे घातलेली भाजी एकाच ताटात वाढली जाते, तेव्हा तायनो लोकांचे कंद रक्तालुच्या नावाने आणि केचुआ लोकांचे कंद तायनो नावाने शेजारी असतात. वडापावातला पाव पोर्तुगीज, त्यातल्या वड्याच्या सारणाचे नाव पोर्तुगीजांमार्गे आलेले, मिरचीही त्याच गलबतांतली; वडा हा शब्द मात्र घरचा.

हल्ली मराठी घरांतही ‘आलू पराठा’ आणि ‘दम आलू’ म्हणतात. पदार्थ जिथला आहे तिथले नाव घेऊन आला तर त्यात वावगे काही नाही. पण मराठी बोलताना, मराठी पाककृती लिहिताना ‘दोन उकडलेले आलू घ्या’ असे वाचले की मला वाईट वाटते. ‘बटाटा’ परका आहे म्हणून तो सोडायचा असेल तर आलूही या कंदाला परकाच आहे, आणि ज्या लोकांची भाषा बुडाली त्यांचा एक शब्द आपल्या तोंडी जवळजवळ त्यांच्याच उच्चारात शाबूत आहे, ही गोष्ट सहज टाकून देण्याजोगी नाही.

पुण्याच्या मार्केट यार्डात बटाट्याच्या गोण्या आजही गावांच्या नावांनी बोलल्या जातात: आग्रा, इंदूर, तळेगाव. व्यापारी नुसते ‘इंदूर काय भाव?’ असे विचारतात आणि समोरच्याला कळते. तळेगावचा बटाटा पातळ सालीचा, भाजीला चांगला, असे आमच्या घरी भाजी आणणारी माणसे सांगत आली आहेत, आणि मीही गोणीवरचे गाव विचारल्याशिवाय बटाटा घेत नाही.